डिझाइनच्या विद्यार्थ्यांचा फील्ड रिसर्च: आधी संमती, मग प्रश्न, शेवटी वस्तू

पदवी प्रकल्पांच्या ज्युरीत, म्हणजे मूल्यमापनाच्या बैठकीत, एक उलटा क्रम वर्षानुवर्षं दिसतो. वस्तूचं स्केच आधी तयार असतं. मग त्याला टेकू म्हणून दहा-बारा ‘मुलाखती’ उरकल्या जातात. डॉक्युमेंटेशन छापायला द्यायच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतं की संमतीपत्रं राहिलीच, आणि ती मागच्या तारखा टाकून भरली जातात. यात ज्यांच्याशी बोललो त्यांच्यावर अन्याय होतो, हे उघड आहे. पण हाती आलेली माहितीही निकामी असते, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. ज्या माणसाला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती, तो समोरच्याला बरं वाटेल तेच बोलतो. त्यामुळे एथिक्स हे शेवटचं प्रकरण म्हणून जोडता येत नाही. कुणाशी, कुठे, कधी बोलायचं हे ठरवतानाच त्याचा विचार करावा लागतो.

खालच्या पायऱ्या एका ठरावीक विषयावर बेतल्या आहेत: ऊसतोड करणाऱ्या बायकांचं मोळी वाहण्याचं काम हलकं करणारं साधन. हा विषय मुद्दाम घेतला, कारण चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा इथे एकत्र सापडतात. तुमचा विषय एसटी स्टँडवरच्या पाट्या असो किंवा बँकेचं अ‍ॅप, क्रम हाच ठेवा. काही पायऱ्या लवकर उरकतील एवढंच.

पायरी १: प्रश्न लिहा, वस्तूचं नाव नको

‘ऊसतोड महिलांसाठी अर्गोनॉमिक हार्नेस’ (शरीराला सोसेल असा, भार पेलणारा पट्टा) हे उत्तर आहे. प्रश्न असा हवा: मोळी बांधल्यापासून ती ट्रॉलीत पडेपर्यंत भार शरीरावर कुठे आणि किती वेळ येतो, आणि बायका तो आज कसा सांभाळतात? या वाक्यात हार्नेस नाही, म्हणूनच त्यातून काहीही निघू शकतं. अडचण गाडीला लावलेल्या फळीच्या चढात असेल, मोळीच्या आकारात असेल किंवा रात्री अंधारात गाडी भरण्यात असेल.

मग जे वाचून कळतं ते वाचून घ्या. दमलेल्या बाईला जाऊन ‘हंगाम कधी असतो हो?’ असं विचारणं म्हणजे तिचा वेळ तुमच्या आळसावर खर्च करणं. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड आणि मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून, अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांतून कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती टनामागच्या मजुरीतून फेडून घेतली जाते. कामाला खाडा पडला तर दंड बसतो. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून चढून गाडीत टाकते.

ही माहिती प्रस्तावनेत चिकटवण्यासाठी नाही. टनावर मजुरी आहे म्हणजे काम संथ करणारं कोणतंही साधन पहिल्याच दिवशी बांधावर पडून राहील. जोडीला एक कोयता धरतात म्हणजे बाईची मजुरी वेगळी तिच्या हातात पडत नाही, आणि साधन विकत घ्यायचं की नाही हे बहुधा ती एकटी ठरवत नाही. एवढं फील्डवर न जाताही समजतं.

शरीरमापांचंही तसंच. एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबाद) १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय शरीरमापं कॉलेजच्या ग्रंथालयात बहुधा मिळतात. उंची आणि खांद्याची रुंदी यांसाठी आधी ती बघा. बायकांना टेप लावणं हा शेवटचा पर्याय ठेवा. लावावाच लागला तर तो विद्यार्थिनीने, आडोशाला, कपड्यांवरून आणि वेगळं विचारून लावावा.

तपासा: ‘काय दिसलं तर मी माझी कल्पना सोडून देईन?’ याचं उत्तर एका ओळीत लिहून गाईडला द्या. उत्तर सुचत नसेल तर पुढे जाऊ नका. तुम्ही पुरावे गोळा करायला निघाला आहात, रिसर्च करायला नाही.

पायरी २: कोण कुणाच्या हाताखाली, हे कागदावर काढा

विद्यार्थी ‘स्टेकहोल्डर मॅप’ (विषयाशी संबंध असलेल्या सगळ्यांचा नकाशा) काढतात, त्यात सगळे एका गोलात सारख्या अंतरावर बसलेले असतात. प्रत्यक्षात तसं नसतं. बाईच्या वर नवरा, त्याच्या वर मुकादम, त्याच्या वर वाहतूक ठेकेदार आणि कारखाना. शेतात शेतमालक आणि कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या आणि नोंदी सांभाळणारा माणूस. प्रत्येक बाण काढताना लिहा: हा माणूस तिचं काय बिघडवू शकतो?

आता प्रवेशाचा प्रश्न. सोपा मार्ग म्हणजे मुकादमाला फोन करणं. तो दहा बायका रांगेत बसवून देईल आणि स्वतः शेजारी उभा राहील. त्या बायका तुमच्याशी बोलतील, पण ती संमती मुकादमाची असेल. उलट त्याला टाळून थेट कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) गेलात तर तुम्ही निघून गेल्यावर ‘काय सांगितलंस त्यांना?’ हा जाब बायकांनाच द्यावा लागतो. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. शेतमालक आणि मुकादम यांच्याकडून तिथे येण्याची परवानगी घ्या. त्यांना विषय खरा आणि थोडक्यात सांगा, कोण काय बोललं ते कुणालाच सांगणार नाही हेही आधीच सांगून टाका. बोलण्याची संमती मात्र प्रत्येक बाईकडून, ते आसपास नसताना.

याहून चांगला उपाय म्हणजे काम दोन जागी विभागणं. निरीक्षण हंगामात फडावर, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेतात करा, मुलाखती हंगाम संपल्यावर त्यांच्या गावी घ्या. गावी घर त्यांचं असतं, शेजारपाजार असतो, ‘आज नको’ म्हणणं सोपं जातं. ओळख करून द्यायला गावातली आशाताई, हंगामी वसतिगृहाचे शिक्षक किंवा ऊसतोड कामगारांमध्ये काम करणारी संस्था शोधा. सेमिस्टरचं वेळापत्रक यात बसत नसेल तर प्रश्न लहान करा. घाईत केलेल्या मोठ्या विषयापेक्षा नीट केलेला लहान विषय ज्युरीलाही पटतो.

सावध: गळ्यात आयकार्ड, हातात फॉर्म आणि इंग्रजी लेटरहेड दिसलं की लोकांना सरकारी सर्व्हे वाटतो. बाया आत जाऊन आधार कार्ड घेऊन येतात. अशा वेळी थांबा, कार्ड परत ठेवायला सांगा, फोटो तर मुळीच काढू नका. ‘कसली योजना नाही, नाव लावून घ्यायला आलो नाही’ हे पहिल्या मिनिटात सांगितलं नाही तर पुढची सगळी उत्तरं त्या योजनेला मिळालेली असतात.

पायरी ३: कॉलेजची आणि कायद्याची परवानगी

कॉलेजात एथिक्स समिती असेल तर तिच्याकडे अर्ज करा. नसेल तर गाईडला सांगून तिघांचा गट करून घ्या: गाईड, प्रकल्पाशी संबंध नसलेला एक शिक्षक आणि त्या क्षेत्रात काम करणारी बाहेरची एक व्यक्ती. फक्त गाईडची सही पुरत नाही. प्रकल्प वेळेत संपावा ही त्यांचीही निकड असते.

कायद्याच्या चार गोष्टी डिझाइनच्या वर्गात क्वचितच सांगितल्या जातात.

अपंग व्यक्तींवर संशोधन: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ६ नुसार त्यांना समजेल अशा माध्यमातून घेतलेली मुक्त संमती तर हवीच, शिवाय शासनाने नेमलेल्या अपंगत्व-संशोधन समितीची पूर्वपरवानगीही लागते. ‘अंधांसाठी काठी’, ‘व्हीलचेअरचं नवं रूप’ हे विषय दर बॅचमध्ये असतात. विषय मंजूर करतानाच हे कलम वाचा.

अठराच्या आतली मुलं: पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार सांगितला आहे. तत्त्वं आरोग्य-संशोधनासाठी आहेत, तरी पाळायला चांगली आहेत. आई हो म्हणाली आणि पोरगं तोंड फिरवून बसलं, तर ते ‘नाही’ समजा.

गुप्ततेची मर्यादा: बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तुम्ही काहीही सांगा, कुणालाच कळणार नाही’ असं वचन कुणालाही देऊ नका.

डिजिटल माहिती: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यातलं तत्त्व ध्यानात ठेवा: संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. तुमच्या प्रकल्पाला कायदा तांत्रिकदृष्ट्या किती लागू होतो, या वादात न पडता एवढं पाळा.

आणि एक हद्द ओळखा. मोळीपासून बोलणं सुरू होतं, कंबरदुखीवर येतं, तिथून पाळी आणि शस्त्रक्रियांवर जातं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली, शासनाने समिती नेमली. त्यानंतर या बायकांना तोच प्रश्न कितीतरी अनोळखी माणसांनी विचारला आहे. तुमच्या वस्तूला त्या उत्तराची गरज नाही. तिने आपणहून सांगितलं तर आदराने ऐका, खोदू नका, टिपून घेऊ नका. प्रश्नच आरोग्याचा असेल तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाबरोबर, त्यांच्या समितीच्या परवानगीनेच तो हाती घ्या.

पायरी ४: संमती बोलून घ्या

जिथे उचल कागदावर घेतली जाते तिथे कागदावरचा अंगठा म्हणजे कर्ज. छापील दोन पानं पुढे करून ‘इथे सही करा’ म्हटलं की समोरची बाई आक्रसते, आणि ते साहजिक आहे. समितीला आधीच कळवून तोंडी संमती घ्या. तिची हरकत नसेल तर ती रेकॉर्ड करा, नाहीतर तिच्या विश्वासातल्या साक्षीदारासमोर वहीत नोंदवा. तिच्याकडे मात्र एक चिठ्ठी ठेवा: मोठ्या मराठी अक्षरात कॉलेजचं नाव, विषय, तुमचा आणि गाईडचा नंबर.

काय बोलायचं ते पाठ करू नका, पण यातलं काही गाळूही नका:

‘ताई, मी पुण्याच्या कॉलेजात वस्तू कशा बनवायच्या ते शिकते. मोळी वाहायचं काम जरा हलकं करता येईल का, ते समजून घ्यायला आले. मी सरकारची नाही, कारखान्याची नाही, मुकादमांची नाही. कसली योजना आणलेली नाही. मी बनवीन ती वस्तू तुम्हाला मिळेलच असंही नाही. अर्धा तास बोलू. त्या वेळेचे पैसे ठरलेले आहेत, मध्येच थांबलात तरी मिळतील. एखादा प्रश्न नको वाटला तर “पुढचं विचार” म्हणा. नको असेल तर आत्ताच नको म्हणा, काही बिघडत नाही. तुमचं नाव कुठे येणार नाही.’

मग परवानग्या सुट्या मागा. बोलण्याची, आवाज रेकॉर्ड करण्याची, हातांच्या फोटोची, चेहऱ्याच्या फोटोची, साधन वापरून बघण्याची. ‘फोटो चालेल’ म्हणजे ‘पोर्टफोलिओत आणि इन्स्टाग्रामवर चालेल’ असं होत नाही. तेही वेगळं विचारा, आणि विचारताना मोबाइलवर पोर्टफोलिओचं एखादं पान उघडून दाखवा. फोटो कुठे जाणार हे दिसल्यावर बऱ्याच जणी मत बदलतात. बदलू द्या.

तपासा: ‘मी काय करणार ते तुमच्या शब्दांत सांगाल?’ असं विचारा. ‘तुम्ही आमचं नाव वर पाठवणार’ असं उत्तर आलं तर संमती झालेली नाही, पुन्हा सांगा. ‘ह्यांना विचारा’, नुसतं हसणं, ‘बोला लवकर’ आणि परत परत नवऱ्याकडे पाहणं हे सगळे नकार आहेत. बोलणं संपल्यावर आणखी एकदा विचारा: ‘यातलं काही काढून टाकू?’ नंतर ते खरोखर काढून टाका.

पायरी ५: प्रश्नांची यादी, आणि तिची छाटणी

मुलाखतीचे प्रश्न बहुतेक वेळा इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांचं पुस्तकी मराठी होतं. ते मोठ्याने वाचून बघा. तुमच्या आजीला विचारता येणार नाही असा प्रश्न फडावरही चालणार नाही.

‘मोळी उचलताना त्रास होतो का?’ याला उत्तर ‘हो’ किंवा ‘सवय झाली’. दोन्हीतून काही कळत नाही. त्याऐवजी: ‘काल शेवटची गाडी कधी भरली? सुरुवातीपासून सांगा.’ झालेल्या एका प्रसंगाचं वर्णन मागा, मग मध्ये मध्ये थांबवा. ‘डोक्यावर कुणी चढवून दिली?’ ‘चुंबळ कशाची करता?’ ही चुंबळ बघा नीट. जुन्या लुगड्याची, किती घड्यांची, किती दिवसांनी बदलतात, कुणाची चांगली होते. जे साधन तुम्ही शून्यापासून शोधायला निघाला आहात, त्याची एक आवृत्ती तिच्या डोक्यावर आधीच आहे आणि ती रोज सुधारली जाते आहे.

‘असं काही मिळालं तर वापराल का?’ हा प्रश्न यादीतून कायमचा काढा. पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. खरेदीची तयारी जाणून घ्यायची असेल तर मागे वळा: ‘गेल्या हंगामात कामासाठी स्वतःहून काय विकत घेतलं? कुणी आणलं? टिकलं का?’

यादी झाली की प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: या उत्तरावर माझा कोणता निर्णय अवलंबून आहे? निर्णय सापडला नाही तर प्रश्न खोडा. उचल किती घेतली, जात कोणती, मुलं किती, यातले बरेच प्रश्न या चाळणीत गळतात आणि गळायलाच हवेत.

पहिली मुलाखत कॉलेजजवळच्याच कुणाची तरी घ्या, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या ताईंची किंवा बाजार समितीतल्या हमालांची. संमतीही पूर्ण घ्या आणि मोबदलाही द्या. सराव तुमचा असला तरी वेळ त्यांचाच जातो.

पायरी ६: फील्डवरचा क्रम

दोघांनी जा. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. बायकांशी बोलायचं असेल तर दोघांतली एक तरी विद्यार्थिनी हवी.

पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवा. ओळख करा, येण्याचं कारण सांगा, आणि वाटेतून बाजूला बसा. मोळ्या वाहणाऱ्या बाईच्या वाटेत उभं राहून फोटो काढणं नुसतं असभ्य नाही, धोक्याचं आहे. फळीवर तिला मान खाली घालून बघता येत नाही.

निरीक्षण, मग मोजमाप, मग बोलणं. हा क्रम उलटला की लोक तुम्हाला सांगितलेलं करून दाखवू लागतात. मोजताना लटकता काटा न्या आणि मोळ्या निवडून नका वजन करू. ओळीने येतील तशा करा, सुरुवातीच्या आणि दिवस संपतानाच्याही. एका गाडीला किती खेपा, फळीची लांबी, ट्रॉलीची उंची, जमिनीची ओल. काटा लावल्यामुळे त्यांचा वेळ जातो, आणि गाडी भरायला उशीर झाला तर ओरडा त्या खातात. म्हणून काही मोळ्या झाल्या की थांबा.

एक तांत्रिक चूक इथेच नोंदवतो. कामाच्या जागच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेचा २३ किलोचा आकडा उचलून ‘मोळी मर्यादेपेक्षा इतकी पट जड’ असं रिपोर्टात लिहिलं जातं. तो आकडा दोन हातांनी, आदर्श स्थितीत वजन उचलण्यासाठीचा आहे. डोक्यावर घेऊन फळी चढण्याला तो लागू होत नाही. वजन, खेपा आणि चढ जसे मोजलेत तसेच द्या.

बोलण्याची वेळ त्यांना ठरवू द्या. गाडी भरताना नाही, स्वयंपाकाच्या वेळी नाही. मोबदला बुडणाऱ्या वेळेच्या मजुरीइतका, सगळ्यांना सारखा, थेट हातात द्या, मुकादमामार्फत कधीच नको. फार मोठी रक्कमही नको, कारण मग नाही म्हणणं अवघड होतं.

वहीचे तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. ‘दमलेली होती’ हे तिसऱ्या रकान्यात जातं. ‘तिसऱ्या खेपेनंतर फळीजवळ कमरेवर हात ठेवून थांबली’ हे पहिल्यात. त्याच रात्री दोघांनी वह्या जुळवा. दोन दिवसांनी बसलात तर तिसरा रकाना पहिल्यात सांडलेला असतो.

सावध: काय दिसलं तर काय करायचं हे निघण्याआधी गाईडबरोबर लिहून ठेवा. कुणी फळीवरून पडलं तर रेकॉर्डिंग बंद, १०८ ला फोन. मूल धोक्यात दिसलं तर आधी गाईडशी बोला आणि १०९८ वर कळवा. जागेवर मुकादमाशी भांडू नका. तुम्ही संध्याकाळी परत जाता, ती बाई हंगामभर तिथेच असते.

पायरी ७: नोंदी कुठे ठेवाल

प्रत्येकीला क्रमांक द्या, ‘ऊ-३’ असा. नाव आणि क्रमांक जुळवणारी एकच यादी, वेगळ्या जागी, पासवर्डखाली. नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं मात्र नाही. ‘अमुक गावची, चार मुलींची आई, डाव्या हाताला दोन बोटं नसलेली’ असं लिहिलं तर टोळीतला कुणीही ओळखेल. गावाऐवजी जिल्हा, वयाऐवजी गट, आणि विषयाला गरज नसलेली खूण गाळा.

फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण नोंदलेलं असतं. मोबाइलचं लोकेशन बंद करूनच काढा. बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काहीच टाकू नका. मुलाखतींची ट्रान्स्क्रिप्ट एआयच्या फुकट साधनांकडून करून घ्यायचा मोह होतो. तो आवाज तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि तुम्ही संमती घेताना हे सांगितलेलं नसतं. स्वतः ऐकून लिहा. बीडकडची बोली तुम्हालाच दोनदा ऐकावी लागते, यंत्र तिथे सर्रास चुकतं, आणि ऐकता ऐकता निम्मं विश्लेषण होऊन जातं.

रेकॉर्डिंग पुसण्याची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका.

पायरी ८: विश्लेषण

प्रत्येक स्टिकी नोटवर क्रमांक लिहा, म्हणजे ते वाक्य कुणाचं हे मागे जाऊन शोधता येईल. क्रमांक नसलेली नोट भिंतीवर लावू नका. ती बहुधा तुमचीच असते. सगळं भिंतीवर चढलं की पायरी १ मधली ओळ काढा, ‘काय दिसलं तर कल्पना सोडेन’ ती. त्या बाजूच्या नोट्स मुद्दाम शोधा.

दहा जणींशी बोलून ‘८०% महिलांना’ असं लिहू नका, ‘दहापैकी आठ जणींनी’ लिहा. ‘पाच यूजर पुरतात’ हेही कुठेही वापरलं जातं. ते गणित जेकब निल्सन आणि टॉमस लँडावर यांनी १९९३ मध्ये इंटरफेसच्या चाचण्यांवरून मांडलं. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१% दोष दिसतात असं धरलं तर पाचांमध्ये सुमारे ८५% दिसतात. तयार वस्तूतले दोष शोधायला ते ठीक आहे. लोकांचं आयुष्य समजून घ्यायला किती जण पुरतील, याबद्दल ते काहीच सांगत नाही. तिथे नव्या मुलाखतीतून नवं काही निघेनासं झालं की थांबा, आणि तरुण-वयस्क, टायरगाडीवरच्या (टायरच्या बैलगाडीवरच्या) आणि ट्रॅक्टरवरच्या अशा वेगवेगळ्या जणी त्यात आल्या का ते बघा.

पर्सोना (वापरणाऱ्याचं प्रातिनिधिक, कल्पित व्यक्तिचित्र) बनवणं सक्तीचं असेल तर त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या नोटवरून आलं ते लिहा. नेटवरचा हसऱ्या बाईचा फोटो लावू नका.

पायरी ९: प्रोटोटाइप (चाचणीचा नमुना) अंगावर देण्याआधी

इथे इजा होऊ शकते, म्हणून घाई अजिबात नको. आधी स्वतः वापरा, कॉलेजात, वाळूच्या पोत्याने, सपाट जमिनीवर आणि मग जिन्यावर. पट्टा तुटला, घसरला, केसांत किंवा पदरात अडकला तर काय होतं ते मुद्दाम करून पाहा. फळीवर असताना भार एका झटक्यात टाकून देता येतो का? येत नसेल तर ती वस्तू फडावर नेण्याच्या लायकीची नाही. चुंबळीवरची मोळी मान कलती केली की पडते. तुमचा बकल उघडेपर्यंत ती बाई खाली आलेली असेल.

फडावर नेल्यावर कामाबाहेरच्या वेळात, हलक्या मोळीने, जमिनीवर. फळी सर्वांत शेवटी, आणि तीही समितीने मान्य केली तरच. या वेळेचाही मोबदला द्या. ‘कसं वाटलं?’ विचारण्यापेक्षा वस्तू तिथेच ठेवून दूर बसा. कुणी आपणहून परत उचलते का, कशी बांधते, काय सोडून देते ते बघा. तिने पट्टा काढून फक्त गादी चुंबळीखाली ठेवली, तर तुमच्या हार्नेसची दिशा चुकली हे ती सभ्यपणे सांगते आहे. तो बदल तिचा म्हणून नोंदवा. डॉक्युमेंटेशनमध्ये त्या बदलाचं श्रेय द्या, नावाने हवं की क्रमांकाने ते तिला विचारून.

पायरी १०: परत जा, मग छापा

ज्युरीच्या आधी एक फेरी राखून ठेवा. पोस्टरचे मजकूर आणि फोटो ज्यांचे आहेत त्यांना दाखवा, मोठ्याने वाचून दाखवा. ‘हे असं नाही’ असं कुणी म्हटलं तर दुरुस्त करा. ती चूक ज्युरीच्या नजरेतून सुटली असती. हंगाम संपल्यावर कुटुंबं गावी परततात, म्हणून चिठ्ठीवरचा नंबर चालू ठेवा आणि त्यांच्या गावचा पत्ता विचारून घेतला असेल तर तिथे जा. वस्तू पुढे बनणार नसेल तर तेही स्पष्ट सांगा, कारण कुणीतरी वाट पाहत असतं.

पोर्टफोलिओत टाकताना चेहऱ्यांचे फोटो पुन्हा तपासा. परवानगी फक्त कॉलेजसाठी असेल तर बिहान्ससारख्या ऑनलाइन पोर्टफोलिओच्या साइटवर हातांचे फोटो किंवा स्वतः काढलेली चित्रं वापरा. नोकरीच्या मुलाखतीत ‘मी या महिलांचं आयुष्य बदललं’ असं वाक्य येऊ देऊ नका. काय मोजलं, किती जणींशी बोललात, वस्तू किती वेळ वापरून पाहिली आणि काय जमलं नाही ते सांगा. कॅलेंडरमध्ये टाकलेली तारीख आली की रेकॉर्डिंग, बॅकअप आणि क्लाउडवरच्या प्रती पुसा, नाव-क्रमांकांची यादी नष्ट करा, आणि तसं केल्याची एक ओळ गाईडला लिहून कळवा.